अजाण वयाचा अपराध

तीन वर्षांचे मूल कणकेच्या डब्यात तांब्याभर पाणी ओतते, भिंतीवर खडूने रेघोट्या ओढते, पाळण्यातल्या तान्ह्या बहिणीला चिमटा काढते आणि विचारले तर ‘मी नाही, मनीने केलं’ म्हणून मोकळे होते. घराघरांत रोज घडणाऱ्या या उपद्व्यापांतून नीतिशास्त्रातला एक जुना प्रश्न उभा राहतो: अजाण वयात हातून घडलेल्या कृत्याचा दोष कोणाला लागतो? मुलाला म्हणावे, तर त्याला अजून बरेवाईट कळत नाही. कोणालाच नाही म्हणावे, तर कणीक वाया गेलेली असते, तान्ही रडत असते आणि उद्या तेच पुन्हा घडू नये म्हणून कोणाला तरी काहीतरी करावेच लागते. जिथे केलेल्या कर्माचे फळ चुकत नाही असे मानले जाते, तिथे हा पेच आणखी घट्ट होतो. वेगवेगळ्या धर्मपरंपरांनी तो आपापल्या रीतीने सोडवला आहे.

भारतीय परंपरेत या प्रश्नाची सर्वांत धारदार मांडणी महाभारताच्या आदिपर्वातील मांडव्य ऋषींच्या कथेत आहे. मांडव्य मौनव्रत धरून तप करीत असताना चोर त्यांच्या आश्रमात लुटीचा माल लपवतात. माग काढत आलेल्या राजपुरुषांना ऋषी काहीच उत्तर देत नाहीत, तेव्हा चोरांबरोबर त्यांनाही पकडून सुळावर चढवले जाते. ते मरत नाहीत. राजाला चूक उमगते, तो क्षमा मागतो. पण शरीरात रुतलेला सूळ निघत नाही, तो बाहेरून कापावा लागतो. आत राहिलेल्या टोकामुळे त्यांना अणीमांडव्य हे नाव पडते. पुढे ते धर्मराजाला गाठून विचारतात, की हे कोणत्या पापाचे फळ? धर्म सांगतो, की लहानपणी तुम्ही किड्यांच्या पाठीमागे गवताच्या काड्या खुपसल्या होत्या, त्याचे. मांडव्य संतापतात. एवढ्याशा अपराधाला एवढी मोठी शिक्षा दिल्याबद्दल ते धर्मालाच मनुष्यजन्माचा शाप देतात, आणि तो दासीच्या पोटी विदुर म्हणून जन्माला येतो. त्याचबरोबर ऋषी जगासाठी एक मर्यादा घालून देतात: चौदाव्या वर्षापर्यंत घडलेल्या कृत्याचे पातक लागणार नाही.

या कथेत दोन बाजू समोरासमोर आहेत. धर्माचा हिशेब कृत्यापुरता चालतो: किड्याला टोचले, वेदना झाली, म्हणून टोचणाऱ्याला टोचले गेले पाहिजे. मांडव्यांचे म्हणणे कर्त्याकडे बोट दाखवते: टोचणाऱ्याला आपण काय करतो आहोत हे कळत होते का, आणि शिक्षा कृत्याच्या मानाने होती का? कथेचा कौल मांडव्यांच्या बाजूने पडतो, आणि तोही साधासुधा नव्हे, तर न्यायाची देवताच अन्यायाबद्दल दंड भोगते. ही मर्यादा धर्माने आपणहून घातलेली नाही. लहानपणच्या खोडीसाठी सूळ सोसलेल्या माणसाने ती घातली आहे, हेही लक्षणीय आहे. मात्र किड्यांना वेदना झाल्याच नाहीत असे कथा कुठेही म्हणत नाही. मुलाला पातक लागत नाही म्हणून झालेली इजा खोटी ठरत नाही. हा उरलेला भाग कोणी उचलायचा, याचे उत्तर मात्र या कथेत नाही.

ते उत्तर धर्मशास्त्रात सापडते. गौतम धर्मसूत्रानुसार उपनयनापूर्वी मुलाला वागण्याची, बोलण्याची आणि खाण्याची मोकळीक आहे. मोठ्यांना लागू असलेली बंधने त्याला नाहीत. नंतरच्या स्मृतिवचनांनी वयाच्या पायऱ्या आखल्या. मिताक्षरेसारख्या टीकांमध्ये उद्धृत झालेल्या या वचनांनुसार सोळा वर्षांखालच्याला प्रायश्चित्त निम्मे. पाच ते अकरा वर्षांच्या दरम्यानच्या मुलाच्या हातून पातक घडले, तर त्याचे प्रायश्चित्त गुरूने किंवा आप्ताने करावे. त्याहून लहान मुलाला अपराध नाही, पातक नाही, राजदंड नाही आणि प्रायश्चित्तही नाही. पातक व प्रायश्चित्त या विषयांची सविस्तर चर्चा महामहोपाध्याय पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या चौथ्या खंडात आहे.

यातली मधली पायरी विशेष विचार करण्याजोगी आहे. तिथे मुलाचे कृत्य दुर्लक्षिले जात नाही, पण त्याचा भार मोठ्या माणसाच्या अंगावर टाकला जातो. शेजाऱ्याची कुंडी फोडलेल्या सहा वर्षांच्या मुलाचा बाप आजही शेजारी जाऊन दिलगिरी व्यक्त करतो आणि नवी कुंडी आणून देतो, तेव्हा तो याच तत्त्वावर वागत असतो. या व्यवस्थेच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. गौतमाची मोकळीक उपनयनाशी बांधलेली असल्यामुळे ती त्रैवर्णिकांच्या मुलग्यांना समोर ठेवूनच मांडलेली आहे; मुली आणि बाकीच्या समाजाची मुले तिच्या चौकटीत नीट बसत नाहीत. मांडव्यांच्या शापातही शूद्रयोनीतला जन्म ही शिक्षा मानली गेली आहे. बालपणाची निर्दोषता सर्वांची सारखी, हा विचार या ग्रंथांत पूर्णपणे पोचलेला नाही.

बौद्ध परंपरेने प्रश्नाची दुसरी बाजू हाताळली. बुद्धांच्या मते चेतना, म्हणजे हेतुपूर्वक केलेली मनाची हालचाल, हेच कर्म. या व्याख्येनुसार, न समजता झालेली इजा आणि ठरवून केलेली इजा मुळातच वेगळ्या जातीच्या आहेत. पण म्हणून तान्हे मूल हा नीतीचा आदर्श ठरतो का? मज्झिमनिकायातील समणमण्डिका सुत्तात उग्गाहमान नावाचा परिव्राजक म्हणतो, की जो शरीराने, वाणीने, संकल्पाने आणि उपजीविकेने पाप करीत नाही, तो परिपूर्ण. बुद्धांचे उत्तर असे, की मग उताणे पडलेले तान्हे बाळसुद्धा परिपूर्ण ठरेल; त्याला आपले शरीर आहे एवढेही ठाऊक नसते, ते हातपाय हलवते, रडते आणि दूध पिते, त्यापलीकडे करणार काय? निष्पाप असणे आणि सदाचारी असणे यांतला हा फरक बालसंगोपनात फार मोलाचा आहे. मूल ‘देवाघरचे फूल’ आहे एवढे म्हणून काम संपत नाही, कारण पाप करण्याची ताकद नसणे म्हणजे सद्गुण नव्हे. सद्गुण पुढे घडवावा लागतो.

तो कसा घडवावा याची दोन उदाहरणे त्याच निकायात आहेत. अभयराजकुमार सुत्तात राजपुत्राच्या मांडीवर एक बाळ आहे. बुद्ध विचारतात, की तुमच्या किंवा दाईच्या नजरचुकीने या बाळाने काडी किंवा खडा तोंडात घातला तर काय कराल? राजपुत्र म्हणतो, एका हाताने डोके धरून दुसऱ्या हाताचे बोट आत घालीन आणि रक्त आले तरी तो काढीन, कारण मला बाळाची करुणा आहे. नाणे, बटण किंवा चिंचोका तोंडात गेलेल्या मुलाच्या घरी हाच प्रसंग घडतो. इथे मुलाला दोष नाही, शिक्षाही नाही. तरी त्याच्या मनाविरुद्ध, त्याला दुखवून कृती केली जाते. दुखवणे आणि दंड देणे या दोन गोष्टी एक नव्हेत, आणि त्यांना वेगळे करते ती दुखवणाऱ्याची दृष्टी कुठे आहे ही बाब: घडून गेलेल्या कृत्यावर की मुलाच्या हितावर.

दुसरे उदाहरण बुद्धांचे पुत्र राहुल यांना केलेल्या उपदेशाचे. परंपरेनुसार त्या वेळी राहुल सात वर्षांचे होते आणि विषय होता खोटे बोलण्याचा. बुद्ध भांड्यात थोडेसे पाणी ठेवतात, ते ओतून देतात, भांडे पालथे करतात आणि पुन्हा सरळ करून रिकामे दाखवतात. जाणूनबुजून खोटे बोलताना ज्याला लाज वाटत नाही, त्याचे श्रमणपण असे उरते, असे सांगतात. मग आरसा कशासाठी असतो हे विचारून, प्रत्येक कृती करण्याआधी, करताना आणि केल्यावर ती स्वतःला किंवा दुसऱ्याला त्रास देणारी आहे का, हे तपासायला शिकवतात. समोरचे भांडे, एक साधा प्रश्न आणि स्वतः तपासून पाहण्याची सवय, एवढीच या शिकवणीची साधने आहेत. सात वर्षांच्या बुद्धीला पेलेल असे हे नीतिशिक्षण आहे.

पाश्चात्त्य ख्रिस्ती परंपरेत या प्रश्नाने अधिक कडक वळण घेतले. इ. स. 400 च्या सुमारास लिहिलेल्या ‘कन्फेशन्स’ या आत्मकथनाच्या पहिल्याच भागात संत ऑगस्टीन यांनी एका तान्ह्या बाळाचे निरीक्षण नोंदवले आहे. अजून बोलताही न येणारे ते बाळ, त्याच दुधावर वाढणाऱ्या दुसऱ्या बाळाकडे मत्सराने फिकट पडून पाहत होते. यावरून ऑगस्टीन म्हणतात, की बालकाची निरुपद्रवता त्याच्या अवयवांच्या दुबळेपणात आहे, मनात नाही. धाकटे भावंड आल्यावर थोरल्याचे रुसणे आणि चिमटे पाहिलेल्या कोणालाही या निरीक्षणातला खरेपणा नाकारता येणार नाही. त्यातून काढलेला निष्कर्ष मात्र वादाचा आहे. ऑगस्टीन यांच्या मते आदामाच्या पतनाचा वारसा प्रत्येक बालक घेऊन येते, म्हणून तान्ह्यालाही बाप्तिस्म्याची गरज असते. माणूस पाप न करता जगू शकतो असे मानणाऱ्या पेलॅजियसने या वारशाला विरोध केला. 418 च्या कार्थेज येथील धर्मसभेने पेलॅजियसचे मत त्याज्य ठरवले.

याच्या नेमके उलट टोक 1762 मध्ये जाँ-जाक रूसोच्या ‘एमिल’ या ग्रंथात दिसते. मानवी हृदयात मूळचा दुष्टपणा नाही, जो येतो तो बाहेरून, समाजाकडून येतो, हे त्याचे सूत्र. पॅरिसमध्ये हे पुस्तक जाळले गेले. स्वतःची पाचही मुले रूसोने अनाथालयात पाठवली होती, त्यामुळे त्याचे तत्त्वज्ञान रोजच्या संगोपनाच्या कसोटीला लागलेच नाही. ऑगस्टीनला मुलाच्या चिमट्यात पाप दिसते, रूसोला तो परिस्थितीचा परिणाम वाटतो. दोघेही मुलाचा मूळ स्वभाव ठरवायला बसतात. धर्मशास्त्रकार आणि बुद्ध या वादात फारसे शिरत नाहीत. मूल मुळात कसे आहे यापेक्षा त्याला किती कळते आणि त्याच्याशी आता कसे वागावे, हे प्रश्न त्यांना महत्त्वाचे वाटतात. घरातल्या रोजच्या निर्णयांना हेच प्रश्न अधिक उपयोगी पडतात.

यहुदी आणि इस्लामी परंपरांनीही उत्तर वयाच्या मर्यादेतून शोधले. यहुदी धर्मात मुलगा तेराव्या वर्षी आणि मुलगी बाराव्या वर्षी आज्ञापालनाला बांधली जाते. मुलाच्या बार मित्स्वाच्या, म्हणजे या टप्प्यावरच्या विधीच्या वेळी, याच्याबद्दलच्या शिक्षेतून मला मोकळे केलेस, असा आशय असलेले आशीर्वचन बाप म्हणतो. तोवर मुलाच्या वागण्याचा भार बापाच्या खांद्यावर होता, याची ती जाहीर कबुलीच असते. इस्लाममध्ये प्रत्येक मूल ‘फितरत’ म्हणजे निर्मळ मूळ प्रकृती घेऊन जन्मते असे मानतात, आणि झोपलेला, वेडा व वयात न आलेला या तिघांची कृत्ये लेखणी नोंदवत नाही, अशी हदीस प्रसिद्ध आहे. पण त्याच परंपरेत मुलाला सातव्या वर्षापासून नमाज शिकवावा असेही सांगितले आहे. हिशेब सुरू होण्याच्या कितीतरी आधी शिकवणी सुरू होते. जबाबदारी येण्याची वेळ आणि तिची तयारी करण्याची वेळ या दोन वेगळ्या ठेवल्या आहेत.

कायद्यानेही असाच मार्ग धरला. 1860 च्या भारतीय दंड संहितेच्या कलम 82 नुसार सात वर्षांखालच्या मुलाचे कोणतेही कृत्य गुन्हा ठरत नसे. कलम 83 नुसार सात ते बारा वर्षांच्या मुलाला आपल्या कृत्याचे स्वरूप व परिणाम समजण्याइतकी जाण आली होती का, हे पाहावे लागे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम 20 आणि 21 म्हणून याच तरतुदी आल्या आहेत. सात, बारा, चौदा, सोळा हे आकडे सोयीसाठी आखलेले आहेत. सातव्या वाढदिवसाच्या रात्री कोणाच्याही डोक्यात विवेकाचा दिवा लागत नाही. जाण हळूहळू आणि विषयागणिक वेगवेगळ्या वेगाने येते: विस्तव भाजतो हे दोन वर्षांच्या मुलाला कळू शकते, पण उसनी घेतलेली वस्तू परत करायची असते हे कळायला बराच काळ जावा लागतो. आकडा न्यायालयाला लागतो. आईबापांना समोरच्या मुलाकडे पाहूनच ठरवावे लागते.

ही जाण कशी वाढते याचा अभ्यास स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी 1932 मध्ये प्रसिद्ध केलेल्या मुलांच्या नैतिक निर्णयांवरील ग्रंथात केला. त्यांनी मुलांना दोन गोष्टी सांगितल्या. एका मुलाने दार उघडले आणि दारामागे ठेवलेले पंधरा कप त्याच्या नकळत फुटले. दुसरा मुलगा आई नसताना कपाटातला मुरंबा काढायला गेला आणि त्याच्या हातून एक कप फुटला. जास्त वाईट कोण? लहान मुलांचा कल पंधरा कपवाल्याला जास्त दोषी ठरवण्याकडे दिसला; मोठ्या मुलांनी हेतू पाहिला. नुकसानीवरून दोष मोजणे हा नैतिक समजुतीचा कच्चा टप्पा आहे. मांडव्यांच्या कथेतल्या धर्माचा हिशेबही याच टप्प्यावरचा आहे. दमूनभागून घरी आलेला मोठा माणूसही बऱ्याचदा तिथेच घसरतो: स्टीलचे भांडे पडले तर ‘असू दे’, आणि त्याच अजाणपणे महागडा मोबाइल बादलीत पडला तर पाठीत धपाटा. मुलाच्या हेतूत काही फरक नसतो. फरक असतो तो वस्तूच्या किमतीत.

खोटे बोलण्याबाबत मानसशास्त्राने दिलेली माहिती तत्त्वचिंतकाला अडचणीत टाकणारी आहे. तीन-चार वर्षांच्या आसपास मूल थापा मारू लागते, आणि जवळपास त्याच सुमारास आपल्याला ठाऊक असलेली गोष्ट दुसऱ्याला ठाऊक नसू शकते हे त्याला उमगू लागते. ‘मनीने केलं’ हे सांगता येण्यासाठी आईच्या मनात काय आहे याचा अंदाज बांधावा लागतो. दुसऱ्याचे दुःख ओळखायलाही हाच अंदाज लागतो. म्हणजे पहिली थाप हे नीतीच्या ऱ्हासाचे लक्षण नसून नीतीला लागणारी सामग्री तयार होत असल्याची खूण आहे. तिच्याकडे कौतुकाने पाहून सोडून देणे जसे अपुरे, तसेच तिला पाप ठरवून झोडपणे चुकीचे. राहुलला भांडे दाखवणाऱ्या बुद्धांनी याच वळणावर शिकवण ठेवली.

दोष आणि दंड यांच्या चर्चेत मुलांमुळे मिळणाऱ्या आनंदाचा मुद्दा सहज निसटतो. वैष्णव परंपरेने त्याला तत्त्वज्ञानात स्थान दिले. ब्रह्मसूत्रांनी सृष्टीला लीला म्हटले: ईश्वराला काही मिळवायचे नाही, म्हणून त्याची कृती केवळ क्रीडा. भागवताच्या दशम स्कंधात ही लीला गोकुळातल्या खोडकर मुलाच्या रूपाने घरात उतरते आणि वात्सल्य हा भक्तीचा एक स्वतंत्र भाव बनतो. महाराष्ट्रात संतांच्या गौळणी आणि गोपाळकाला यांनी तो घराघरांत पोचवला. या स्कंधाच्या नवव्या अध्यायातला प्रसंग अगदी स्वयंपाकघरातला आहे. यशोदा कृष्णाला पाजत असताना चुलीवरचे दूध उतू जाऊ लागते. ती त्याला अर्धपोटी खाली ठेवून धावते. तो रागाने दह्याचे मडके फोडतो, आत जाऊन लोणी खातो आणि माकडांना वाटतो. फुटलेले मडके पाहून यशोदेला प्रथम हसू येते, मग ती काठी घेऊन त्याच्यामागे लागते. तो घाबरलेला दिसताच काठी टाकून देते, पण त्याला उखळीला बांधायला जाते. दावे प्रत्येक वेळी दोन बोटे कमी पडते. शेवटी आईची दमणूक पाहून कृष्ण स्वतःच बांधून घेतो.

या प्रसंगात हसू, राग, काठी उचलणे, ती टाकून देणे आणि तरीही मुलाला आवरणे हे सगळे काही क्षणांत घडते, आणि भागवत त्यातल्या कशालाही चूक म्हणत नाही. भीती दिसताच काठी टाकली जाते, पण मडके फोडणे चालेल असा त्याचा अर्थ होत नाही. आनंद आणि शिस्त यांत एकाचीच निवड करावी लागते, हा समज इथे टिकत नाही. मूल निर्दोष आहे हे जिने मनोमन मानले आहे, तिलाच फुटलेले मडके पाहून हसू येऊ शकते. आणि त्याची जबाबदारी आपली आहे हे जिला पटले आहे, तीच दावे आणायला उठते.

विसाव्या शतकात हा विचार शिक्षणात उतरला. गिजुभाई बधेका यांनी 1920 मध्ये भावनगरला बालमंदिर सुरू केले. त्यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे आदिवासी आणि गरीब मुलांसाठी बालशिक्षणाचे कार्य सुरू केले. पुढे अनुताई वाघ यांच्यासह ते कोसबाडला नेले. मार, भीती आणि बक्षिसाचे आमिष टाळून मुलाला स्वतःच्या हाताने काम करू देणे, सांडले तर त्यालाच पुसू देणे, ही या बालवाड्यांची रीत होती. धर्मशास्त्राच्या मोकळिकीतून जी मुले बाहेर राहिली होती, त्यांच्यापर्यंत बालपणाचा हक्क या कामातून पोचला. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम 17 ने शाळेतील शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांवर बंदी घातली.

या सर्व परंपरांची उत्तरे एकत्र ठेवली तर मूळ प्रश्न तीन भागांत सुटतो. अजाण मुलाला पातक लागत नाही, याबद्दल ऑगस्टीनची धारा सोडली तर व्यापक एकमत आहे. कृत्याचा परिणाम मात्र खरा असतो. तो निस्तरण्याचे कर्तव्य मुलाला जाण येईपर्यंत मोठ्यांवर येते. आणि मुलाची निर्दोषता हा सद्गुण नसल्यामुळे सद्गुण शिकवण्याचे कर्तव्यही त्यांच्यावरच येते. मोठ्यांनी उचललेला हा भार कायमचा नसतो. सांडलेले दूध प्रथम आई पुसते, मग मूल तिच्याबरोबर फडके फिरवते, पुढे न सांगता स्वतः पुसते. जितकी जाण वाढते तितका भार मुलाकडे सरकतो, आणि तो पूर्ण सरकला की ‘दोष’ हा शब्द त्याच्याबाबत प्रथमच रास्तपणे वापरता येतो.